श्रद्धा सांगावी कशी? टिळकांचा दरबार आणि वऱ्हाडातला आजचा प्रश्न

१/ नारायण वामन टिळक हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, हे विशीही न गाठलेले हिंदू कवी. अहमदनगरला टिळकांच्या घरी बालकवी काही काळ घरच्या मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे त्या घरातील त्यांची जागा उणावलीही नाही. धर्मप्रसारावर मराठीत वाद पुष्कळ होतात, परंतु त्यांत या घराची आठवण क्वचितच निघते. हा थ्रेड त्या घरापर्यंत पोहोचण्याचा आणि तेथून आजच्या प्रश्नाकडे पाहण्याचा प्रयत्न आहे. 🧵

२/ प्रतिपादन आधीच मांडलेले बरे. भिन्न श्रद्धा असलेल्या तरुणांना आपली ख्रिस्ती श्रद्धा सांगणे हा अपराध नव्हे आणि त्यांच्यावर उपकारही नव्हे. मात्र सांगणाऱ्याच्या हाती ऐकणाऱ्याची भाकरी, शाळा, औषध किंवा निवारा असेल, तर ते सांगणे निर्मळ राहत नाही. मग सांगणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो. श्रद्धेची खरी भेट घडते ती ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असते तेथेच. मराठी मुलखाचा इतिहास या निष्कर्षाच्या बाजूने साक्ष देतो.

३/ हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा नाही. अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी शेंदूरजनाघाट आहे. संत्र्याच्या कलमांसाठी हे गाव ओळखले जाते. शेजारच्या मोर्शी तालुक्यात महानुभावांचे रिद्धपूर आहे. याच जिल्ह्यात गाडगे महाराजांचे शेंडगाव, तुकडोजी महाराजांचे यावली आणि त्यांनी उभारलेले मोझरीचे गुरुकुंज आहे. १९५६ नंतर धम्माचा स्वीकार केलेली असंख्य घरे आहेत, वारकरी आहेत, मुसलमान आहेत आणि अल्पसंख्य ख्रिस्तीही आहेत.

४/ अशा भूमीतील विशीतला तरुण कोऱ्या पाटीसारखा कधीच नसतो. त्याची आजी एकादशी करते, मित्र बुद्धवंदना म्हणतो, शाळेत त्याने सामुदायिक प्रार्थना म्हटलेली असते आणि स्वतःला तो कदाचित नास्तिक म्हणवतो. त्याच्याशी ख्रिस्ताविषयी बोलू पाहणाऱ्याने पहिल्यांदा हे ओळखले पाहिजे की आपण रिकाम्या घरात शिरत नाही. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात एका परदेशी पाद्र्याला हे उमगले होते.

५/ थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात सांगतो. लोकांच्या कानाला पुराणाची सवय आहे, तर त्यांना पुराणच द्यावे, ही त्यामागील समज. भाषेच्या बाबतीत स्टीफन्सने दाखवलेला आदर आजही थक्क करतो. परक्या मुलखातून आलेला मनुष्य मराठीचा असा अभ्यास करतो, ही गोष्ट लहान नव्हे.

६/ तथापि त्या आदराभोवतीची परिस्थिती विसरता येत नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. सासष्टीतील देवळे पाडली गेली होती. ज्यांची जुनी पुराणे हिरावली गेली, त्यांच्या हाती हे नवे पुराण आले. ओवी गोड होती, परंतु ती ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मुभा कितपत होती? भाषेचा आदर आणि मनाचा आदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा ‘ख्रिस्तपुराणा’चा कडवट धडा होय.

७/ आता मुंबई, १८४३. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. श्रीपत अजाण वयाचा होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला वडिलांच्या ताब्यात देण्याचा हुकूम झाला. नारायण पुढे मोठा धर्मोपदेशक झाला आणि जालन्याजवळ त्याने बेथेल ही वसाहत उभारली. त्याच्या निर्णयाविषयी काहीही मत असो, तो त्याचा निर्णय होता. श्रीपतच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

८/ खरा पेच पुढे उभा राहिला. मुलगा घरी आला, पण मिशनऱ्यांकडे राहिलेल्या मुलाला जातीत परत कसे घ्यावे? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून खटपट केली. त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले आणि बाळशास्त्रींना स्वजनांचा रोष सोसावा लागला. शिक्षकाने वयाची मर्यादा पाळली नाही, हा एक दोष. समाजाने परतीचे दार लावून घेतले, हा दुसरा. दोन्ही बाजूंच्या थोरांच्या कचाट्यात एक बालक सापडले.

९/ पन्नास वर्षांनंतर हाच प्रश्न अधिक अवघड रूपात आला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार झाले होते.

१०/ रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सदनाशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू स्पष्ट होती: आपण कुणावर सक्ती केली नाही, परंतु प्रार्थनेला येणाऱ्या मुलीला हाकलून लावणे हीदेखील सक्तीच ठरेल.

११/ या वादात एकाच पक्षाला दोषी ठरवणे हा इतिहासाचा आळशी उपयोग होय. रमाबाईंचे दार खरोखर उघडे होते. परंतु जिला जगात दुसरा आसरा नाही अशा मुलीला आश्रयदात्रीच्या प्रार्थनेत बसावेसे वाटणे, यात श्रद्धा किती आणि कृतज्ञता किती, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. दुसरीकडे, जे समाजधुरीण त्या मुलींच्या धर्माची एवढी काळजी वाहत होते, त्यांनी त्यांच्या अन्नाची, शिक्षणाची, मानाची काळजी पूर्वी कधी केली होती? धर्म बुडाल्याची ओरड करण्याचा अधिकार आधी माणूस वाचवून मिळवावा लागतो.

१२/ वऱ्हाडातील ख्रिस्ती कार्याचा आरंभ याच अवघड जागी झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोल्याकडे अलायन्स मिशन, तर अचलपूर-मेळघाटाकडे कोरकूंमध्ये काम करणारे मिशन स्थिरावले. अचलपूरजवळच्या कोठारा येथे कुष्ठरुग्णांची शुश्रूषा सुरू झाली. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाला भीषण गेला. ज्यांना स्वकीयांनी वेशीबाहेर ठेवले त्यांच्या जखमा धुणाऱ्यांपुढे नतमस्तकच व्हावे. तरीही प्रश्न उरतो: जखम धुणाऱ्याने त्याच हाताने पुस्तकही पुढे करावे काय? सेवा ही श्रद्धेचे फळ असू शकते. ती श्रद्धेची किंमत होता कामा नये.

१३/ येथे टिळकांचे मोल कळते. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. संस्कृतचे व्यासंगी, कवी, प्रखर देशाभिमानी. नागपुरास श्रीमंत गृहस्थ अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथकार्य केले. नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी त्याने ‘नव्या करारा’ची प्रत हाती दिली. तो कोण होता, हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही.

१४/ त्या भेटीचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. सहप्रवाशाने आधी टिळकांच्या आवडीच्या विषयावर संवाद केला. त्याच्या हाती टिळकांची नोकरी नव्हती, शिष्यवृत्ती नव्हती, आजाऱ्याचे औषध नव्हते. पुस्तक दिले आणि तो निघून गेला. पुढचे वाचन, शंका, तळमळ हे सारे टिळकांनी स्वतः केले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना झपाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाने त्यांना लाभ कोणताच झाला नाही. घर, जात आणि आप्त मात्र दुरावले.

१५/ ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या पुलावरून आलो, अशी टिळकांची भावना होती. त्या काळी मराठी चर्चमधील पुष्कळशी गीते भाषांतरित आणि परक्या चालींची असत. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंग दिला, भजन दिले, कीर्तन दिले. मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची पदे आजही गायिली जातात. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभले. त्यांच्या पश्चात त्यातील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

१६/ शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मूळ इथल्या मातीत आधीच रुजलेले असते, फळ मात्र नव्या डोळ्याचे येते. टिळकांच्या कार्याला ही उपमा सहज लागू पडते. पण तिची मर्यादाही त्याच रोपवाटिकेत दिसते. खुंटाला स्वतःचा धुमारा फुटला की माळी तो खुडून टाकतो. माणसाच्या बाबतीत हा अधिकार कोणत्याही धर्मोपदेशकाला नाही. तुकारामाचा पूल पाहून एखादा वारकरी तरुण विचारील: तुम्ही ज्याला पूल म्हणता ते आमचे घर आहे, आम्ही पलीकडे का जावे? हा प्रश्न उद्धट नाही. तो ऐकून घेण्याची तयारी नसेल, तर अभंगाची चाल हे केवळ आमिष ठरते.

१७/ टिळकांना दोषमुक्त ठरवण्याचेही कारण नाही. त्यांच्या बाप्तिस्म्याची बातमी लक्ष्मीबाईंवर वज्रासारखी कोसळली. पुढची काही वर्षे त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सारे त्यांनी विलक्षण प्रांजळपणे सांगितले आहे. एका व्यक्तीची सद्सद्विवेकबुद्धी स्वतंत्र असते हे खरे. परंतु तिच्या निर्णयाचा भार पुष्कळदा अशा माणसाला वाहावा लागतो, ज्याला कुणी विचारलेलेच नसते. त्या काळी तो भार बहुधा बायकांच्या वाट्याला येई.

१८/ त्यानंतर जे घडले ते महत्त्वाचे. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपल्या सोवळ्याओवळ्यासह. त्यांचे अन्नपाणी वेगळे राहिले. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. जातिभेद मनुष्याने निर्मिला आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० साली राहुरी मुक्कामी त्यांनी स्वतःहून ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एका घरात दोन धर्म काही काळ नांदले. ‘थांबणे’ हाही श्रद्धा सांगण्याचा एक प्रकार आहे, हे त्या घराने दाखवले. पुढे बालकवी आले ते याच घरात.

१९/ बालकवींचे नाव गाजले ते १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात. टिळकांनी त्यांना आपलेसे केले. ज्येष्ठ कवी, वडीलधारे, आश्रयदाते अशी तिहेरी सत्ता टिळकांच्या हाती होती. म्हणजे शारदा सदनातील पेच येथेही होताच. फरक असा की बालकवी निसर्गाची, आनंदाची, उदासीनतेची आपली कविता लिहीत राहिले. टिळकांच्या धर्माचा शिक्का त्यांच्यावर बसला नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंनी घरचेच माणूस गमावले होते.

२०/ १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ आरंभला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात स्थान होते. चर्चमधील अनेकांना ही कल्पना बेशिस्तीची वाटली: बाप्तिस्म्याविना शिष्य कसा? हिंदू टीकाकाराला ती छुपी वाट वाटू शकते. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. यशापयशाच्या हिशेबात तो अपयशी प्रयोग म्हणावा लागेल. परंतु पगार, पद आणि संख्या या तिन्हींचा मोह सोडून श्रद्धा सांगू पाहणारा मराठीतला हा प्रयोग विसरण्याजोगा नाही.

२१/ स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न राज्यसंस्थेपुढे आला आणि त्यात वऱ्हाडही होते, कारण अमरावती-अकोला तेव्हा मध्य प्रदेशात मोडत. १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. १९५६ च्या अहवालाने मिशनऱ्यांवर कठोर ठपका ठेवला आणि अनुचित मार्गांनी होणाऱ्या धर्मांतराला कायद्याने बंदी असावी असे सुचवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्या वेळी धम्मदीक्षा घेणाऱ्यांत हेच नियोगी होते.

२२/ यात विसंगती शोधणारे शोधतात. खरे पाहता येथे एक फरक उघड होतो. दुसऱ्याने घडवून आणलेले धर्मांतर आणि स्वतः केलेले धर्मांतर या दोन भिन्न गोष्टी आहेत. नियोगींना पहिल्याचा संशय होता. दुसऱ्याचा अधिकार त्यांनी स्वतः बजावला. मात्र बाहेरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ही सीमारेषा नेमकी दिसेलच असे नाही. आमिष पकडता येते, जबरदस्ती सिद्ध करता येते; मनाचा कौल मोजण्याचे यंत्र कोणत्याही सरकारजवळ नाही.

२३/ संविधानाचे कलम २५ धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देते. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कलम २८(३) त्याहून कमी चर्चिले जाते: सरकारमान्य अथवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीविना धार्मिक शिक्षणास बसवता येत नाही आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणानंतर शतकभराने कायद्याने हा धडा शब्दबद्ध केला.

२४/ मग आज वरुड-शेंदूरजनाघाटच्या एखाद्या ख्रिस्ती तरुणाने मित्रांशी आपल्या श्रद्धेविषयी बोलावे की नाही? अवश्य बोलावे. मैत्रीत अंतरंगच लपवावे लागत असेल तर ती मैत्री कसली? परंतु आपल्याला काय गवसले ते सांगावे. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात काय खोटे आहे ते सांगू नये. परीक्षा, नोकरी, आजारपण यांच्या भीतीवर श्रद्धा उभी करू नये. अज्ञान मुलांना पालकांच्या नकळत गाठू नये. मित्राची बुद्धवंदना, भजन वा नास्तिकता त्याच आस्थेने ऐकावी. आणि मित्र ‘नाही’ म्हणाला तर दुसऱ्या दिवशीचा चहा चुकवू नये.

२५/ बहुसंख्याकांवरही जबाबदारी आहेच. ख्रिस्ताविषयीचे प्रत्येक संभाषण हा कट मानला, तर प्रामाणिक बोलणाराही दबून जातो आणि बोलणे लपूनछपून होऊ लागते. मुलगा एखाद्या प्रार्थनेला गेला म्हणून घराचे दार बंद करणारे कुटुंब १८४३ चीच चूक करते. परतीचे दार उघडे असेल तरच पुढे टाकलेले पाऊल मोकळ्या मनाचे असते. ज्या घरात प्रश्न विचारता येतो, ते घर सोडून जाण्याची घाई कुणाला होत नाही.

२६/ स्टीफन्सपाशी भाषा होती, पण त्याच्या पाठीशी सत्ता उभी होती. रमाबाईंपाशी करुणा होती, पण ऐकणाऱ्या मुली त्यांच्यावर अवलंबून होत्या. आगगाडीतल्या त्या अनाम प्रवाशापाशी एक पुस्तक आणि काही तासांचा संवाद एवढेच होते. उतरल्यावर निकाल काय लागतो हे पाहायला तो थांबलाही नाही. श्रद्धा सांगण्याची सर्वांत निरपेक्ष रीत कदाचित हीच. ‘स्मृतिचित्रे’ न वाचलेल्या तरुण वाचकांनी ते अवश्य वाचावे, मग त्यांची श्रद्धा कोणतीही असो वा नसो. (समाप्त)